कोलकात्यातील थॉमसवाद : ॲक्वायनस आणि शंकराचार्य यांच्या संवादाची दीड शतके

तेराव्या शतकातील धर्मचिंतक संत थॉमस ॲक्वायनस यांच्या विचारांचे आधुनिक काळात जे पुनरुज्जीवन झाले, त्याची केंद्रे म्हणून रोम, पॅरिस आणि बेल्जियममधील लूव्हेन या शहरांचा उल्लेख नेहमी होतो. कोलकात्याचे नाव त्यात क्वचितच आढळते. वास्तविक, थॉमसच्या विचारांसमोरचा सर्वांत अवघड प्रश्न याच शहरात विचारला गेला. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याच्या आधारे ख्रिस्ती श्रद्धेची मांडणी करता येत असेल, तर ती शंकराचार्यांच्या आधारे का करता येऊ नये, हा तो प्रश्न होय. तो विचारणाऱ्या बंगाली संन्याशाच्या नियतकालिकांवर चर्चने बंदी घातली. त्याच प्रश्नाचा अभ्यास पुढे चर्चच्याच संस्थांत, प्रथम कोलकात्यात आणि नंतर पुण्यात, अनेक दशके चालला.

थॉमस आणि परकीय तत्त्वज्ञान

थॉमस ॲक्वायनस (निधन 1274) हे डॉमिनिकन संघाचे संन्यासी. पॅरिस आणि नेपल्स येथे त्यांनी अध्यापन केले. ॲरिस्टॉटलचे ग्रंथ त्या काळी काही अंशी अरबी भाष्यकारांच्या वाटेने युरोपात येत होते. त्यांविषयी धर्मपीठांना मोठा संशय होता. ॲरिस्टॉटल ख्रिस्ती नव्हता आणि जग अनादि आहे असे तो मानीत असे. त्याची परिभाषा स्वीकारून थॉमस यांनी ईश्वर, सृष्टी आणि मानव यांविषयीची विशाल मांडणी उभारली. त्यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, 1277 साली, पॅरिसच्या बिशपांनी 219 विधाने निषिद्ध ठरविली. त्यांतील काही थॉमस यांच्या मतांनाही लागू पडत होती. 1323 साली मात्र चर्चने त्यांना संतपद दिले. कोलकात्यातील पुढील घटना समजून घेताना हा क्रम ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

पोप लिओ तेरावे यांनी 4 ऑगस्ट 1879 रोजी ‘एटर्नी पात्रिस’ हे विश्वपत्र काढले आणि कॅथलिक शिक्षणात थॉमस यांच्या तत्त्वज्ञानास अग्रस्थान दिले. आधुनिक थॉमसवादाचा आरंभ या पत्रापासून मानला जातो. पुढील काही वर्षांतच लूव्हेन येथे देझिरे मर्सिए यांच्या नेतृत्वाखाली या विचाराचे मोठे केंद्र उभे राहिले. बेल्जियमचे जेझुइट, म्हणजे येशूसंघीय, धर्मगुरू बंगालमध्ये 1859 पासूनच कार्यरत होते. 1860 साली त्यांनी कोलकात्यात सेंट झेवियर्स महाविद्यालय स्थापन केले आणि 1889 मध्ये दार्जिलिंगजवळ कर्सिआंग येथे धर्मशास्त्राचे विद्यालय सुरू झाले. नव्या थॉमसवादाला बंगालमध्ये येण्यासाठी रस्ता असा तयारच होता. परंतु त्याला भारतीय वळण देण्याचा पहिला प्रयत्न या बेल्जियन गुरूंनी केला नाही.

ब्रह्मबांधव उपाध्याय

भवानीचरण बंद्योपाध्याय यांचा जन्म 11 फेब्रुवारी 1861 रोजी हुगळी जिल्ह्यातील खन्यान या गावी झाला. तरुणपणी ते केशवचंद्र सेन यांच्या नवविधान ब्राह्मसमाजात होते. 1888 मध्ये ते शिक्षक म्हणून सिंधमधील हैदराबाद येथे गेले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता. तेथे 1891 साली त्यांनी प्रथम अँग्लिकन धर्मगुरूकडून बाप्तिस्मा घेतला आणि काही महिन्यांतच कराचीत ते कॅथलिक झाले. 1894 मध्ये त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली, ब्रह्मबांधव उपाध्याय हे नाव घेतले आणि त्याच वर्षी कराचीहून ‘सोफिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले.

आरंभी उपाध्याय हे अद्वैत वेदान्ताचे कठोर टीकाकार होते. मायावाद जगाला खोटे ठरवितो, जीव आणि ईश्वर यांतील भेद पुसून टाकतो, हा ख्रिस्ती प्रचारकांचा नेहमीचा आक्षेप तेही मांडीत असत. चित्पावन कुळात जन्मलेले आणि 1848 साली ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे यांनी हाच आक्षेप ‘षड्दर्शनदर्पण’ या ग्रंथात अत्यंत तर्कशुद्ध रीतीने मांडला होता. त्याचे इंग्रजी भाषांतर 1862 साली कोलकात्यातच प्रसिद्ध झाले होते. वाद जुना होता आणि त्यातील दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ठरून गेले होते.

1898 च्या सुमारास उपाध्याय यांची भूमिका पालटली. त्या काळच्या कॅथलिक पाठ्यपुस्तकांतून त्यांनी थॉमस यांचे तत्त्वज्ञान अभ्यासले होते. त्याच दृष्टीने त्यांनी शंकराचार्यांकडे पुन्हा पाहिले. थॉमस यांच्या मते प्रत्येक सृष्ट वस्तूचे स्वरूप निराळे आणि तिचे असणे निराळे. झाड काय आहे हे सांगितल्याने झाड आहेच असे ठरत नाही. त्याचे असणे त्याला सतत दिले जात असते. केवळ ईश्वराच्या ठायी स्वरूप आणि अस्तित्व एक आहेत. सूर्य मावळताच हवेतील उजेड नाहीसा होतो, त्याप्रमाणे ईश्वराने आधार काढून घेतल्यास सृष्टी क्षणभरही राहणार नाही, असा दृष्टान्त थॉमस यांनी दिला आहे. उपाध्याय यांना वाटले की माया या शब्दाने अद्वैत्यांना हेच सांगावयाचे आहे. माया म्हणजे भास नव्हे. जगाला स्वतःचे असे अस्तित्व नसणे, त्याचे असणे सर्वस्वी उसने असणे, याचेच नाव माया. सत्, चित् आणि आनंद या तीन पदांत त्यांना त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या, सिद्धान्ताकडे नेणारी वाट दिसली. ‘वन्दे सच्चिदानन्दम्’ हे त्यांचे संस्कृत स्तोत्र ऑक्टोबर 1898 च्या ‘सोफिया’त प्रसिद्ध झाले. भारतातील कॅथलिक उपासनेत ते आजही गायिले जाते.

या मांडणीचा गाभा थॉमस यांच्याच एका भेदावर उभा होता. मानवी बुद्धीला आपल्या बळावर जेथवर जाता येते तो एक स्तर आणि ईश्वरी प्रकटीकरणाने जे कळते तो त्यावरचा स्तर. खालच्या मजल्याचे बांधकाम ग्रीक विटांचेच असले पाहिजे असे नाही, भारतात ते वेदान्ताचे असावे, असे उपाध्याय यांचे म्हणणे होते. त्यात वेदान्ताकडे सेवकाची भूमिका येते, हेही खरे. त्यांनी ते लपविले नाही. समाजधर्माने आपण हिंदू आणि साधनधर्माने कॅथलिक, अशी आपली ओळख ते सांगत.

यानंतरचा संघर्ष मठाच्या प्रश्नावरून झाला. नर्मदेकाठी जबलपूर येथे भारतीय संन्यासाश्रमाच्या धर्तीवर कॅथलिक मठ स्थापण्याची उपाध्याय यांची योजना होती. जबलपूर त्या वेळी नागपूर धर्मप्रांतात मोडत असे आणि नागपूरच्या बिशपांची या योजनेस सहानुभूती होती. मात्र पोपचे भारतातील प्रतिनिधी लाडिस्लाव झालेस्की यांनी विरोध केला आणि 1899 साली सुरू झालेला मठ लवकरच बंद पडला. उपाध्याय कोलकात्यास परतले. 1900 मध्ये त्यांनी ‘सोफिया’ साप्ताहिक रूपात काढले. कॅथलिकांनी ते वाचू नये असा आदेश निघाला. 1901 साली सुरू झालेल्या ‘द ट्वेंटिएथ सेंच्युरी’ या मासिकावरही तशीच बंदी आली.

चर्चने दार लावल्यानंतरचे त्यांचे आयुष्य राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात नोंदलेले आहे. 1901 साली रवींद्रनाथ ठाकूर यांच्या शांतिनिकेतनातील विद्यालयाच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. 1902–03 मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे हिंदू विचारांवर व्याख्याने दिली. 1904 पासून ‘संध्या’ या बंगाली दैनिकातून ते इंग्रजी राजवटीवर जहाल टीका करू लागले. 1906 साली लोकमान्य टिळक ज्या शिवाजी उत्सवासाठी कोलकात्यास गेले, त्यात पुढाकार घेणाऱ्यांमध्ये उपाध्याय होते. राजद्रोहाच्या आरोपाखाली खटला चालू असतानाच शस्त्रक्रियेनंतर धनुर्वात होऊन 27 ऑक्टोबर 1907 रोजी कोलकात्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार हिंदू पद्धतीने झाले. मृत्यूपूर्वी काही महिने त्यांनी प्रायश्चित्तविधी केला होता. त्यामुळे त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा सोडली होती काय, याविषयी तेव्हापासून वाद आहे. त्यांचे निकटचे शिष्य अणिमानंद (मूळ नाव रेवाचंद) यांनी आपल्या गुरूची श्रद्धा अखेरपर्यंत अढळ होती असे आग्रहाने प्रतिपादन केले.

पार्क स्ट्रीटवरील मासिक

उपाध्याय यांच्या बाजूने चर्चमध्ये पहिला ठाम आवाज उठविला तो विल्यम वॉलेस या आयरिश गृहस्थांनी. ते बंगालमध्ये अँग्लिकन मिशनरी म्हणून आले होते. पुढे कॅथलिक होऊन ते जेझुइट संघात दाखल झाले. बंगालमधील धर्मगुरूंनी संस्कृत आणि भारतीय दर्शने यांचा सखोल अभ्यास केल्याशिवाय येथील सुशिक्षितांशी बोलूच नये, असा आग्रह त्यांनी वरिष्ठांकडे धरला. 1922 मध्ये वॉलेस यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या आग्रहाचे फळ दिसू लागले होते.

बेल्जियन धर्मगुरू जॉर्ज दांदॉय यांनी 1919 साली अद्वैतातील जगाच्या मिथ्यात्वावर इंग्रजीत एक छोटा पण नेमका निबंध कोलकात्यात प्रसिद्ध केला. 1932 मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर निघाले, तेव्हा त्यास त्या काळचे अग्रगण्य थॉमसवादी विचारवंत जॅक मारितँ यांनी टिपणे जोडली. युरोपातील थॉमसवाद्यांनी कोलकात्याची दखल घेतली ती अशी.

दांदॉय यांचे सहकारी पिएर योहान्स हे मूळचे लक्झेंबर्गचे. ऑक्सफर्ड येथे संस्कृतचे अध्ययन करून ते 1921 साली कोलकात्यास आले आणि पार्क स्ट्रीटवरील सेंट झेवियर्समध्ये शिकवू लागले. ऑक्टोबर 1922 मध्ये या दोघांनी ‘द लाइट ऑफ द ईस्ट’ हे मासिक सुरू केले. ते 1946 पर्यंत चालले. ‘वेदान्तातून ख्रिस्ताकडे’ या अर्थाच्या शीर्षकाची योहान्स यांची लेखमाला त्यात बारा वर्षे प्रसिद्ध होत होती. शंकर, रामानुज, वल्लभ या एकेका आचार्याचे मत त्यांनी मूळ संस्कृत ग्रंथांच्या आधारे मांडले आणि थॉमस यांच्याशी ताडून पाहिले. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा होता : थॉमस यांच्या तत्त्वज्ञानातील बहुतेक सर्व महत्त्वाची तत्त्वे वेदान्तात सापडतात, पण विखुरलेली. शंकराचार्य ईश्वराचे निरपेक्षत्व जपतात, रामानुज ईश्वराचे सगुणत्व. त्या सर्वांना एकत्र सांधणारा दुवा, म्हणजे ईश्वर शून्यातून सृष्टी निर्माण करतो हा सिद्धान्त, तेवढा तेथे नाही.

मांडणी नेटकी होती. मात्र परीक्षक नेहमी थॉमस आणि परीक्षार्थी नेहमी वेदान्त, ही तिची मर्यादा आज वाचताना लगेच जाणवते. तरीही 1920 च्या दशकात, जेव्हा बहुतांश मिशनरी साहित्य हिंदू दर्शनांची संभावना अंधश्रद्धा म्हणून करीत होते, तेव्हा वल्लभाचार्यांच्या शुद्धाद्वैताचे असे बारकाईने वाचन करणारे कॅथलिक मासिक भारतात निघत होते, ही गोष्ट लहान नव्हे. योहान्स 1939 मध्ये युरोपास परतले.

कोलकात्याहून पुण्याकडे

1946 साली बेल्जियन जेझुइट रिचर्ड द स्मेट हे भारतात आले. कोलकात्यात त्यांनी दांदॉय आणि त्यांचे तरुण सहकारी रॉबेर आंत्वान व पिएर फालों यांच्याकडे संस्कृत व भारतीय दर्शनांचे धडे घेतले. 1950 मध्ये भारतीय तत्त्वज्ञान परिषदेचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन कोलकात्यात भरले होते. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी तेथे शंकराचार्यांचे वर्णन शुद्ध बुद्धिवादी तत्त्वज्ञ असे केले. द स्मेट यांना ते पटले नाही. ज्यांच्या लेखनाचा मोठा भाग उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि गीता यांवरील भाष्यांनी व्यापला आहे, जे तर्काला श्रुतीच्या आधीन ठेवतात, त्यांना श्रुतिवादी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञ म्हणणेच योग्य, असे त्यांचे मत होते. याच विषयावर त्यांनी रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात प्रबंध लिहून 1953 मध्ये डॉक्टरेट मिळविली. दीर्घकाळ अप्रकाशित राहिलेला हा प्रबंध प्रतींच्या रूपाने अभ्यासकांच्या हातोहात फिरत असे.

1954 मध्ये द स्मेट पुण्याच्या द नोबिली महाविद्यालयात रुजू झाले. पुढच्याच वर्षी श्रीलंकेतील कँडी येथील पेपल सेमिनरी पुण्यात हलविण्यात आली. तिच्याशी निगडित ज्ञानदीप ही संस्था नगर रस्त्यावर आहे. द स्मेट यांनी तेथे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना शिकविले. ही सेमिनरी 1893 साली लिओ तेरावे यांच्या इच्छेनुसार स्थापन झाली होती आणि ती उभी करणारे पोपचे प्रतिनिधी होते लाडिस्लाव झालेस्की. उपाध्याय यांचा मठ ज्यांनी बंद पाडला, त्यांच्याच संस्थेच्या वर्गांत उपाध्याय यांचा प्रश्न पुढे अभ्यासक्रमाचा भाग झाला.

द स्मेट यांचे कार्य योहान्स यांच्या पुढे जाते, कारण योहान्स यांना शंकराचार्यांत न सापडलेला दुवा त्यांना तेथे सापडला. कारण आणि कार्य यांचे नाते एकेरी आहे असे शंकराचार्य म्हणतात. घट मातीवाचून नाही, पण माती घटावाचून आहे. घट फुटल्याने मातीचे काही उणे होत नाही. थॉमस हेच निराळ्या दृष्टान्ताने सांगतात. खांबाच्या डावीकडे उभा असलेला प्राणी उजवीकडे गेला तर खांबाविषयी आपले बोलणे बदलते, परंतु खांबात काहीही बदललेले नसते. सृष्टीचे ईश्वराशी नाते वास्तव आहे. ईश्वराच्या बाजूने पाहता सृष्टीमुळे त्याच्यात काही भर पडलेली नाही. मग शंकराचार्यांचा ‘मिथ्या’ हा शब्द ‘मुळीच नाही’ या अर्थाचा उरत नाही. जग सतही नाही आणि ससाच्या शिंगासारखे असतही नाही. ते ब्रह्माच्या आधाराने आहे, इतकेच. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तील अज्ञानखंडन आणि चिद्विलास ज्यांनी अभ्यासला आहे, त्या मराठी वाचकांना मायावादाचा अर्थ लावण्याचे हे कोडे नवे वाटणार नाही.

द स्मेट यांचे दुसरे योगदान भाषेविषयीचे आहे. तैत्तिरीय उपनिषदात ब्रह्माची व्याख्या करताना सत्य, ज्ञान आणि अनंत ही पदे येतात. शंकराचार्यांच्या मते या पदांचा वाच्यार्थ ब्रह्माला लागू पडत नाही. ती लक्षणेने ब्रह्माकडे निर्देश करतात. मर्यादित अर्थ सोडून द्यावयाचा आणि शब्दाचा मूळ रोख कायम ठेवावयाचा, ही ती रीत होय. ईश्वराविषयी आपले शब्द अगदी त्याच अर्थाने वापरता येत नाहीत आणि अगदी भिन्न अर्थानेही नव्हे, या थॉमस यांच्या सादृश्यविचाराशी ती जवळजवळ पूर्णपणे जुळते. याच आधारे निर्गुण ब्रह्म हे व्यक्तिशून्य तत्त्व आहे ही रूढ समजूत द स्मेट यांनी नाकारली.

शंकराचार्य तत्त्वज्ञ की धर्मशास्त्रज्ञ, या वादाला युरोपातही एक समांतर घटना आहे. 1879 नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी थॉमस यांना मुख्यतः तत्त्वज्ञ म्हणून शिकविले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) त्या धाटणीच्या थॉमसवादाला ओहोटी लागली. त्यानंतर जो नवा अभ्यास सुरू झाला, त्याने थॉमस यांच्या बायबलवरील भाष्यांकडे लक्ष वेधले आणि शास्त्रवचनांचे विवरण हाच त्यांचा नित्याचा व्यवसाय होता हे दाखवून दिले. द स्मेट यांनी शंकराचार्यांविषयी नेमके हेच 1953 मध्ये मांडले होते. थॉमस आणि शंकर यांची तुलना येथे तत्त्वज्ञानाच्या दोन मजल्यांची राहत नाही. ती दोन भाष्यकारांची होते, आणि त्यात कोणी कोणाचा सेवक नसतो.

पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात अनेक वर्षे राहिलेल्या स्कॉटिश सिस्टर सारा ग्रँट यांनी मुंबई विद्यापीठात शंकराचार्यांच्या संबंध-कल्पनेवर प्रबंध सादर केला. त्यांनी हाच धागा पुढे नेला आणि स्वतःस निःसंकोचपणे अद्वैती ख्रिस्ती म्हटले.

आक्षेप आणि आजचा अभ्यास

या सर्व प्रयत्नांवरील सर्वांत तीक्ष्ण टीका महाराष्ट्राशीच निगडित आहे. प्रॉटेस्टंट धर्मचिंतक अरविंद निर्मळ यांनी 1980 च्या दशकात दलित ख्रिस्ती धर्मविचाराचा पाया घातला. भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून जे गौरविले जाते ते उच्चवर्णीय परंपरेशी केलेले बोलणे आहे आणि भारतातील बहुसंख्य ख्रिस्ती ज्या समाजांतून आले त्यांच्या वेदनेला त्यात स्थान नाही, असे त्यांचे म्हणणे होते. उपाध्याय यांनी वर्णाश्रमव्यवस्थेचे उघड समर्थन केले होते, हे पाहता हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. जीव आणि ब्रह्म यांच्या नात्यावर शेकडो पाने लिहिणाऱ्या कोलकात्याच्या मासिकात बंगालमधील शेतमजुराला काय सापडले असते, हा प्रश्न दांदॉय आणि योहान्स यांच्या लेखनात उपस्थितच होत नाही.

कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिकाही उपाध्याय यांच्या मागणीपाशी थांबलेली नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या 1998 मधील ‘फिदेस एत रात्सियो’ या विश्वपत्रात ख्रिस्ती विचाराने ज्या पौर्वात्य परंपरांशी संवाद करावा त्यांत भारताचा खास उल्लेख आहे. मात्र ग्रीक व लॅटिन विचारांच्या सहवासातून चर्चला जे लाभले ते टाकून देता येणार नाही, अशी अटही तेथेच घातली आहे. वेदान्ताने ॲरिस्टॉटलच्या शेजारी बसावे, त्याची जागा घेऊ नये, असा त्याचा अर्थ होतो.

द स्मेट यांचे 1997 साली ब्रसेल्स येथे निधन झाले. त्यांचे विखुरलेले लेख सलेशियन धर्मगुरू आयव्हो कोएल्हो यांनी संपादित केले असून त्यांचे दोन संग्रह 2010 आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. उपाध्याय यांचे लेखन ज्युलियस लिपनर व जॉर्ज गिस्पर्ट-सॉश यांनी 1991 आणि 2002 साली दोन खंडांत उपलब्ध करून दिले. इंग्लंडमध्ये डॉमिनिकन धर्मगुरू मार्टिन गनेरी यांनी 2015 साली थॉमस आणि रामानुज यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. ईश्वर आणि जग हे दोन नव्हेत, या अर्थाचे शीर्षक असलेला डॅनियल सोअर्स यांचा 2023 मधील ग्रंथ द स्मेट आणि ग्रँट यांच्या कामावरच उभा आहे. त्यात थॉमस यांचे वाचन शंकराचार्यांच्या साहाय्याने केले आहे. उपाध्याय यांनी ‘सोफिया’त शंकराचार्यांचे वाचन थॉमस यांच्या साहाय्याने केले होते.